खांबावर टांगलेला तांबडा बूट

मंडळी, कीर्तनाला आलात, ऐका! पंगतीला बसण्याआधी आचारी काय विचारतो? “माणसं किती?” तुम्ही लाजून सांगितलं, “अहो, आहेत थोडीफार” — मग भात कमी पडला तर दोष कोणाचा? आचाऱ्याचा की तुमच्या लाजेचा? माना हलवू नका, उत्तर द्या! पहिल्या रांगेतल्या काकू, पदर सारखा करू नका. तुमचं नाव मी घेतलेलं नाही. अजून!

तर गाव होतं गोठणवाडी. तिथं पूर्वी दुपारची गुरं बसायची. गुरं गेली आणि टॉवर आले. चौदा! नावं काय एकेकाची — इंद्रशिखर, मेघमहाल! आणि लिफ्ट? बंद! मेघापर्यंत चढा पायी!

या इंद्रशिखरात सातव्या मजल्यावर राहायच्या भिवराबाई कोंडे. जमीन त्यांचीच होती, म्हणून चौदाही टॉवरवर हुकूम त्यांचाच. वॉचमन सलाम ठोकायचा, सेक्रेटरी जिना बदलायचा! पण या वाघिणीचा जीव कशात? नात शार्वीत. पाच वर्षांची, गुटगुटीत, गालाला खळी. शाळा कुठं? गाडीनं पाऊण तास लांब. पहाटे उठवायची, झोपेतच दात घासायचे, एक घास तोंडात नि दुसरा गाडीत. आणि वळण आलं की दोन्ही घास बाहेर! रोज! भिवराबाई खिडकीतून बघायच्या आणि समोरच्या मोकळ्या मैदानाला म्हणायच्या, “अरे, तू इथं नुसतं गवत काय उगवतोस? शाळा उगव की!”

आणि खरंच की हो! त्या मैदानावर सरकारी नकाशात प्राथमिक शाळाच लिहिलेली होती. फक्त पोरं किती ते पाहायला कचेरीतून एक साहेब येणार होते. सोनवलकर नावाचे. हातात फॉर्म, नाकावर चष्मा, स्वभावानं गरीब.

आता बघा हं घोटाळा! पोरं मोजायची म्हटल्यावर भिवराबाईंच्या काळजात चर्र झालं. लेकरं कधी मोजतात का? नजर लागते! त्यांनी खाली बाकावर बायकांची सभा भरवली. “ऐका गं! दोन असली तर एक सांगा. एक असलं तर सांगा, विचार चाललाय.”

साहेब दारोदार फिरले.

“ताई, घरात मुलं किती?”

“विचार चाललाय.”

“मग हा पाळणा?”

“त्यात कांदे ठेवतो.”

कांदा रडायला लागला! साहेब म्हणाले, “आवाज कसला?”

“मांजर आहे!”

साहेबांनी लिहिलं — मांजर एक. फॉर्ममध्ये पुढचा प्रश्न होता, “गाड्या किती?” तिथं मात्र सगळ्यांची छाती फुगली! ज्याची एक त्यानं दोन सांगितल्या. ज्याची नाहीच, तो म्हणाला, “बुक केलीय!” गाड्यांना नाही हो नजर लागत!

महिन्याभरानं मैदानावर पाटी लागली. मुलं एकेचाळीस, गाड्या दोन हजार. शाळेची गरज नाही, इथं वाहनतळ करावा, कोणाची हरकत असल्यास कळवावे. म्हणा मंडळी, रामकृष्णहरी! दुसरं काय म्हणणार?

भिवराबाई तणतणत कचेरीत गेल्या. “माझी हरकत आहे! आमची पोरं काय गाड्यांच्या टपावर बसून शिकणार?”

सोनवलकरांनी फाईल काढली. “आजी, तुमच्या घराचाच फॉर्म आहे बघा. मुलं, विचार चालू आहे.” मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमच्या घरातल्या माणसानं स्वतः सही केलीय. भिवराबाई कोंडे, वय अडुसष्ट. विचार कोणाचा चालू आहे?”

सगळ्या कचेरीनं तोंडाला फायली लावल्या!

“बरं, चुकलं,” बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या हो हे! “किती पोरं लागतात तुम्हाला?”

“किमान तीनशे. मला डोळ्यांनी दिसली पाहिजेत.”

“दाखवते. पण डोक्यांवर बोट ठेवून मोजायचं नाही. बोट दिसलं की मोडीन!”

तेव्हा संक्रांत झालेली होती. भिवराबाईंनी दवंडी पिटली — चौदा टॉवरच्या लेकरांचं बोरन्हाण एकाच मांडवात, त्याच मैदानावर! बोरं, चुरमुरे, उसाची पेरं, गोळ्या. आणि अट एकच. प्रत्येक लेकराचे बूट मांडवाबाहेर ओळीनं मांडायचे. जे अजून चालत नाही त्याचे लोकरीचे आणा. साहेबांनी बूट मोजावेत आणि दोननं भागावं. लेकराला बोट नाही, बुटाला नजर नाही! शाळा न शिकलेल्या बाईचं गणित आहे हे मंडळी, हसता काय!

काय सोहळा झाला म्हणून सांगू! डोक्यावरून बोरं ओततायत, पोरं गोळ्यांवर तुटून पडतायत, सेक्रेटरी मध्ये सापडून आडवा! ज्याला मांजर म्हटलं होतं ते कांद्यांचं बाळही आलं, हलव्याचे दागिने घालून. आणि बाहेर सोनवलकर उकिडवे बसून बूट मोजतायत. “पाचशे सत्याण्णव... पाचशे अठ्ठ्याण्णव...” थांबले.

“आजी, दोनशे नव्व्याण्णव पोरं झाली. एक कमी आहे.”

भिवराबाईंचा चेहरा उतरला. “एकानं काय बिघडतं हो?”

“लिहायचं ते खरंच लिहीन. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, बाईनं घरचेच बूट आणून मांडले.” एवढ्यात त्यांची नजर वर गेली. मांडवाच्या खांबावर काय होतं? एक बूट! तांबडा, इवलासा, दोरीनं उलटा टांगलेला. “हा कोणाचा? आणि याचा जोड कुठंय?”

बाई पदर सारखा करायला लागल्या!

ओळखलंत ना? सगळ्या लेकरांची दृष्ट निघावी म्हणून बाईंनीच टांगला होता. शार्वीचा! आणि शार्वी कुठं होती? सातव्या मजल्यावर, कडी लावून! तीनशे बायकांची नजर आपल्या नातीच्या खळीवर नको! सुनेला, प्रणालीला, त्यांनी बजावलं होतं, “ताप आहे म्हणून सांग.” गावाची लेकरं उघड्यावर आणि स्वतःचं कपाटात!

प्रणाली तिथंच उभी होती. सात वर्षं सासूसमोर आवाज चढवला नव्हता तिनं. आज म्हणाली, “आई, ताप नातीला नाही. तुमच्या भीतीला आहे. उद्या पहाटे गाडीत ती ओकेल तेव्हा तिला सांगा, एकच पोर कमी पडलं होतं, आणि ते तू होतीस.”

मंडळी, तोफेला तोफ भेटली! एक चुरमुरा हलेना!

भिवराबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि निघाल्या. लिफ्ट? बंद! सात मजले चढल्या, कडी काढली. दारामागं शार्वी बसलेली, एका पायात तांबडा बूट, दुसरा पाय उघडा. म्हणाली, “आजी, मला एकच बूट सापडतोय. मला येऊ देणार नाहीत का?”

बाईंनी तिला कडेवर घेतलं आणि सात मजले उतरल्या, दर मजल्यावर गुडघ्याला शिव्या देत. मांडवात आल्या, खांबावरचा बूट सोडला आणि तिच्या पायात स्वतः घातला. मग सोनवलकरांचं बोट धरलं. जे मोडणार होत्या तेच हो! आणि शार्वीच्या डोक्यावर ठेवलं.

“मोजा,” म्हणाल्या. “तीनशे. आणि हा फॉर्म द्या इकडं. आमचा विचार झाला!”

शाळा झाली. आता भिवराबाई खिडकीतून घंटा ऐकतात. वाजली की शार्वी जिन्यावरून पळते, दोन्ही घास पोटात!

तर ज्याला मोजलं नाही, त्याचं पान वाढलं जात नाही. कळलं ना सगळ्यांना? छान. मग मघाच्या काकू, आता तुमचं नाव घेते. मी आत येताना बाहेरच्या चपला मोजल्यात, आणि प्रसादाची पानं तेवढीच मांडायला सांगितलीत. सासवांच्या चपला आहेत. सुनांच्या, लेकींच्या कुठंयत? “घरी काम आहे” म्हणून ठेवून आलात ना?

उठा! घेऊन या त्यांना. मी थांबते. टाळकरी, तोवर शिरा झाकून ठेवा — आज झाकायचा तो तेवढाच!