जपानच्या बाईची मूठ

मंडळी, अक्कांच्या शोकसभेला तुम्ही एवढे सगळे आलात. शाळेच्या मुली सतरंजीवर बसल्यात, आमची भाऊबंदकी समोर खुर्च्यांवर आहे, आणि मागच्या बायांना बसायला जागा नाही तरी कुणी हललेलं नाही. मला माईकसमोर बोलायची सवय नाही. अक्का गेल्याचं दुःख आहे आणि, खरं सांगते, मनात रागही आहे. दोन्ही एकदम बाहेर पडलं तर सांभाळून घ्या.

मी मालतीअक्कांची धाकटी जाऊ, सिंधू. आम्ही दोघींनी एका चुलीवर संसार केला. अक्का या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि घरी आल्या की पदर खोचून भाकरी थापायच्या. परवापरवापर्यंत थापत होत्या. झोपेतच गेल्या. हृदय थांबलं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

मघापासून सगळे सांगताहेत की अक्का हसतमुख होत्या. होत्याच. पण श्रावणातला एक दिवस असा होता की त्या दिवशी अक्का हसायच्या नाहीत. ते मला आज बोलायचं आहे.

अक्कांना जपानच्या एका बाईचं वेड होतं. ती बाई डॉक्टर. चांगली चाललेली डॉक्टरकी सोडून अंतराळात जायला निघालेली. तिची निवड झाली आणि काही महिन्यांनी दुसरंच एक यान माणसांसकट आकाशात फुटलं. सगळी उड्डाणं थांबली. ही बाई थांबली. वर्षांमागून वर्षं थांबली, पण मागे फिरली नाही. अक्का वाचनालयात जाऊन पेपर धुंडाळायच्या आणि मिळेल ते वर्गात सांगायच्या.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी लिंबाला झोका बांधायच्या, तेव्हा अक्का तिथेही सुरू. म्हणायच्या, झोका पार वर जाऊन खाली यायला लागतो ना, तेव्हा पोटात कसं होतं? त्या बाईला तसं रात्रंदिवस व्हायचं आहे. पोरी हसून लोळायच्या. मग कुणीतरी विचारायचंच, तिचं लगीन झालंय का? झालंय, अक्का म्हणायच्या, नवरा वाट बघतो. हे मात्र कुणाला खरं वाटायचं नाही. आणि मग सासरी परत निघताना त्याच पोरी विचारायच्या, "मास्तरीन, ती उडनी का?"

"नही व माय, आजून नही."

शाळेतल्या काही बाई बाहेरगावच्या आहेत, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात घालतात. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते. बायांची नसते. तो गहू दळतो आम्ही, रांधतो आम्ही, पण मूठ आमची नाही. आणि तो रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही.

एका श्रावणात मुठी घालून झाल्या आणि अक्कांनी आणखी एक घातली. सासूबाईंनी विचारलं, ही कुणाची? अक्का म्हणाल्या, जपानच्या बाईची. आणि डोळे मिटून म्हणाल्या, "कानबाई माय, तिले सुखरूप घर आनजो."

घरात जे झालं ते झालं. नाना आले. नाना आमच्या भाऊबंदकीतले थोरले, माझे चुलत सासरे. ते इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. नाना, मी पदर पडू न देता बोलते आहे, पण बोलणार आहे.

नाना ओरडले नाहीत. ओरडणं त्यांच्या स्वभावात नाही. ते एवढंच म्हणाले, "रोट बठ्ठा भाऊबंदसना शे. ती आपली कोन शे?"

अक्का म्हणाल्या, पुरुष घराबाहेर पडतात, ते धड परत यावेत म्हणून मूठ असते ना? मग ही तर सगळ्यांहून लांब जाते आहे. मग अक्का हळूच म्हणाल्या, "नाना, लगीनना आगोदर मी तरी तुम्हनी कोन व्हतू?"

मूठ गव्हात मिसळून गेली होती, ती वेगळी कशी काढणार? सगळा गहू बाजूला ठेवला, नव्यानं मुठी घातल्या. आणि ठरलं, की मालतीनं यापुढे रोटाच्या गव्हाला हात लावायचा नाही.

मंडळी, जी बाई शेकडो पोरींना चंद्र-सूर्य शिकवते, ती दर श्रावणात आपल्याच घराच्या ओट्यावर बसून राहायची. आत जातं फिरायचं, गाणी चालायची. अक्का बाहेर वह्या तपासायच्या. मी विचारायचे, वाईट वाटतं का? म्हणायच्या, वाटतं गं, का नाही वाटणार?

मग एका वर्षी ती बाई खरंच उडाली. सुखरूप उतरलीही. रेडिओवर ऐकून अक्का पेढे घेऊन आधी नानांकडे गेल्या. नानांनी पेढा घेतला, चांगलं झालं म्हणाले. अक्कांना वाटलं, आता तरी आत बोलावतील. पुढच्या महिन्यात कानबाई बसली. अक्का ओट्यावरच होत्या. शेवटपर्यंत ओट्यावरच राहिल्या.

आता सासूबाई नाहीत, अक्का नाहीत. या श्रावणात सूप माझ्या हातात येणार. माझी लेक कल्पना, अक्कांचीच विद्यार्थिनी, तंत्रनिकेतनात शिकायला धुळ्याला निघाली आहे. एकटी राहणार. मला रात्र रात्र झोप लागत नाही. मी तिच्या नावाची मूठ घालणार आहे. नाना, तुम्ही अक्कांना विचारलं होतंत, ती आपली कोण? कल्पना तुमची नात आहे. ती मूठ काढायला सांगायची असेल, तर अक्कांच्या या फोटोसमोर आजच सांगा.

घाई नाही. आधी आपण सगळे अक्कांसाठी दोन मिनिटं उभे राहू या. या दोन मिनिटांत कुणी बोलायचं नाही. आणि नाना, त्यानंतरही तुम्ही काही बोलला नाहीत, तर तो मी होकार समजेन.

उठा मंडळी.