दारातली रांगोळी

इंदापूरच्या दवाखान्यात भावाला आत तपासत होते. त्याच्यासाठी काल बारामतीहून आलेल्या सिंधुबाई बाकावर बसल्या होत्या. शेजारी दोघी बोलत होत्या.

“बारामतीत, माझ्या लेकीच्या कॉलनीत परत घर फोडलं.”

“कुलूप नव्हतं व्हय?”

“होतं की. कॅमेराबी होता.”

“मग घरात कोण न्हाय, हे चोरास्नी कळतं कसं?”

“सकाळी गल्लीतनं एक चक्कर मारायची. ज्या दारात रांगोळी न्हाय, तितं बाई न्हाय.”

सिंधुबाईंनी घाईनं शेजारणीला फोन लावला.

“प्रगती, मी कालपास्नं भावाकडं हाय. माझ्या दारात तेवढी रांगोळी काढ गं.”

“अवं काकू, मीबी काल दुपारीच बावड्याला आले. मला वाटलं, माझ्या दारात तुमी काढताय.”