पंखा थांबेना

हसू नका, पण पस्तीस वर्षं विजेचं शास्त्र शिकवलेला मी एकदा पंख्याला घाबरलो होतो.

माझी नात मुक्ता. तिने गेमच्या कॉम्प्युटरचा वेग वाढवून ठेवला होता, आणि खेळ रंगात आला की तो खटकन बंद पडायचा, मग कधी आपोआप सुरूही व्हायचा. पॉवर सप्लाय साडेचारशे वॅटचा, मीच हिशेब करून सुचवलेला. तो अपुरा पडत होता. नवा घ्यायला केडगावच्या दुकानात गेलो, तिथेही तीनदा वॅटची बेरीज केली. साडेसहाशे पुरतील असं दिसत होतं, तरी धीर होईना.

दुकानदार म्हणाला, “सर, पोरगी लई ताणती मशीन. साडेआठशेचा न्या अन् निवांत ऱ्हावा.”

तोच घेऊन घरी आलो. मुक्ता खेळायला बसली आणि कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. जुना सप्लाय काढायचा म्हणून मी भिंतीतली वायर उपसली. मुक्ताने झाकण उघडून हात आत घातला.

आतला पंखा फिरू लागला.

“आबा, वायर काढलीत ना?”

“ही काय, माझ्या हातात आहे. सप्लायमध्ये थोडी वीज साठून राहते, बाळा. एक गिरकी घेईल आणि थांबेल.”

तो थांबेना. उलट वेग वाढला. मुक्ता जागची हलेना.

“आबा, मग वीज येतेय कुठून?”

आयुष्यभर शिकवलेलं खोटं होतं की काय? मी हातातल्या काळ्या वायरवरून हळूहळू नजर मागे नेली. तिचं दुसरं टोक स्क्रीनच्या पाठीत होतं.

कॉम्प्युटरची वायर भिंतीतच होती, आणि मुक्ताचा हात अजून आत होता.