धुतलेला स्वेटर

रोमानियातल्या याश शहरात संतिणीच्या अस्थींच्या पेटीच्या दर्शनाला सकाळपासून रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक तरुणी होती आणि तिच्यापुढे एक म्हातारी.

“मावशी, काकडताय नुसत्या. तो स्वेटर छातीशी धरण्यापेक्षा अंगात घाला की!”

“माझा नाही गं, माझ्या लेकाचा, तावदेचा आहे. पेटीला टेकवून न्यायचाय.”

“मुलगा आजारी आहे का?”

“बोटीवर कामाला गेला. ती बोट परत आलीच नाही, वर्षं झाली.”

“अरे देवा!”

“जाऊबाई म्हणते, आता तरी त्याच्या नावानं गोड गहू शिजव, फादरकडून मृतांची प्रार्थना करून घे. म्हटलं, तुझ्या घरच्यांसाठी शिजव.”

“पण मावशी, तुमच्या मनात कधी नाही येत?”

“येतं की, रोज येतं. मग देवाला सांगते, माझा विश्वास एवढासाच आहे, तेवढ्यावर भागव बाबा.”

“स्वेटरला साबणाचा वास येतोय.”

“काल धुतला. इतकी वर्षं हात लावला नव्हता. त्याच्या अंगाचा वास होता ना त्याला. वाटायचं, आता तेवढाच उरलाय.”

“मग धुतलात कशाला हो?”

“आल्यावर मळका घालायला देऊ होय त्याला?”