उजव्या बॅटीची खोड

झुंबर : म्हणजे पगारेसाहेब, माझा नवा माल चांगला निघाला, ही तुमची तक्रार आहे?

सहादू : होय. लेखीच आणलीय. वाचू का? ‘विषय : सदर व्हिडिओ गेम निर्दोष असल्याबाबत.’

झुंबर : नाशकात टीव्ही विकायला लागून मला चार वर्षं झाली. माल बिघडला म्हणून शिव्या खाल्ल्यात. माल धड निघाला म्हणून अर्ज पहिल्यांदाच बघतोय.

सहादू : रविवारच्या स्पर्धेसाठी तुम्ही तो काचेजवळ सेट मांडलाय ना, तो मी आत्ता दहा मिनिटं उभं राहून पाहिला. त्यातल्या दोन्ही बॅटींना चेंडू लागतो.

झुंबर : लागणारच. टेनिस आहे ते.

सहादू : आमच्या घरच्या गेममध्ये नाही लागत.

झुंबर : तुमच्या घरच्याची गोष्टच वेगळी. आबा! ओ आबा, जागे आहात का? हे कचेरीतले पगारे. आठ महिन्यांपूर्वी आपल्याकडून टेनिसचा गेम नेला नव्हता का, तेच.

मल्हारी : जागाच हाय म्या. डोळं मिटून ऐकतोय. आता पोराच्या गल्ल्यावर बसतो, पर तीस वरसं निफाडच्या बाजारात बैलांची दलाली केली. दलालाचं डोळं उघडं असलं, की गिऱ्हाईक खरं बोलत नाय. बोल रं सहादू, कंचं जनावर?

झुंबर : आबा, जनावर नाही. गेम.

मल्हारी : तेच ते. सौदा रीतीनं झालाता का?

झुंबर : तुमच्या समोरच झाला. तुम्ही गल्ल्यावर असताना इथं दुसऱ्या रीतीनं काही होतं का? अख्खा रोड हसतो आपल्याला. खोड मोठ्यानं सांगितली, यांना चार वेळा चालवून बघायला लावलं, आणि बैलाचं दावं देतात तशी वायर उपरण्याखाली धरून यांच्या हातात दिली.

मल्हारी : आन् खोड काय सांगितली व्हती?

झुंबर : दहा गुणांपर्यंत खेळ बरोबर चालतो. दहानंतर उजव्या बॅटीला मधोमध भोक पडतं, डोळ्यांना दिसत नाही. चेंडू आरपार जातो. म्हणजे उजवीकडं बसलेला माणूस जिंकूच शकत नाही. कंपनीनं घाईघाईत माल बाहेर काढला, मी त्यांना तीन पत्रं टाकली, त्यांचं उत्तर आलं की खेळणाऱ्यानं सराव वाढवावा. मी तसाच्या तसा माल यांच्यापुढं ठेवला.

मल्हारी : सहादू, हे खरं हाय?

सहादू : खरं आहे.

मल्हारी : तवा दुकानात दुसरा गेम नव्हता का?

झुंबर : होता की! शेजारीच होता, एकदम धड. मी दोन्ही लावून दाखवले. म्हटलं, साहेब, हा न्या. तर म्हणाले, नाही, मला तो भोकाचाच द्या.

मल्हारी : आत्ता माझं डोळं उघडलं. सहादू, धड बैल सोडून तू खोडीचा नेलास? कामून रं?

सहादू : आबा, त्याला कारण आहे.

मल्हारी : आसंलच. बिनकारणाचं येडं म्या बाजारात कधी पाह्यलं नाय.

सहादू : आमच्या हिला, लंकाला, आयुष्यात कधी पहिला नंबर मिळाला नाही. वक्तृत्वात उत्तेजनार्थ. रांगोळीत उत्तेजनार्थ. धावण्याच्या शर्यतीत तिघीच होत्या, त्यातली एक पडली, तरी ही दुसरी. बालवाडीच्या बाईंच्या जागेसाठी दोन वर्षं यादीत नाव आहे, तिथंही दुसरीच. भिंतीवर उत्तेजनार्थची सात प्रमाणपत्रं आहेत, ती रोज पुसते. मला बघवत नाही हो. म्हटलं, एकदा तरी हिनं घरात जिंकावं.

झुंबर : आणि वहिनींना डावीकडं बसवलंत.

सहादू : बसवावं लागलं नाही. डावीकडून स्वयंपाकघर दिसतं. दूध उतू जातंय का ते बघता येतं, म्हणून ती आपणहूनच तिकडं बसली. पहिल्या दिवशी पंधरा–अकरानं जिंकली. रात्री जेवताना हसत होती. मीही खूश झालो.

मल्हारी : मंग बिघडलं कुठं?

सहादू : दुसऱ्या दिवशीही जिंकली. आबा, आठ महिने रोज जिंकतेय. सगळी कॉलनी येऊन उजवीकडं बसून हरून गेली. सुमनबाई हरल्या, फुलाबाई हरल्या, हेडमास्तर हरले. पाहुण्याला भिंतीला टेकायला मिळावं म्हणून ही प्रत्येकाला उजवीकडंच बसवते. आता तर दुपारी शिकवणी घेते. ‘मनगट सैल सोडा, चेंडूकडं बघू नका, चेंडूच्या मनात काय आहे ते बघा.’

झुंबर : काय आहे म्हणतात चेंडूच्या मनात?

सहादू : ते मला कळत नाही असं तिचं म्हणणं आहे. माझी तिला काळजी वाटायला लागली. म्हणाली, तुमच्या डोळ्यांत दोष असणार, एवढा समोरचा चेंडू तुम्हाला दिसत नाही. डॉक्टरांकडं घेऊन गेली. हा चष्मा बघा.

झुंबर : अरे, मला वाटलं बढती मिळाली.

सहादू : काहीही नंबर नाही त्याला. डॉक्टर नको म्हणत होते, हिनं भांडून लावून घेतला. रोज सहा बदाम भिजवून देते. साखर-दुधाचं उपरणं करून डोळ्यांवर—

मल्हारी : कशाचं उपरणं?

सहादू : पट्टी हो, दुधाची पट्टी. माझं डोकं ठिकाणावर नाही. आणि आता तुमची ही स्पर्धा! तिनं नाव दिलंय. सिन्नरहून तिची बहीण जीप करून येणार आहे, बरोबर सात माणसं. कॉलनीनं कापडी फुलांचा हार शिवून ठेवलाय. रविवारी ती या धड सेटवर बसणार आणि पहिल्या फेरीत बाद होणार. चारशे लोकांसमोर.

झुंबर : मग माझ्याकडं काय मागणी आहे तुमची?

सहादू : अर्जात आहे. ‘तरी सदर सेटमध्ये दहा गुणांनंतर उजव्या बॅटीस योग्य आकाराचे भोक पाडून मिळावे ही विनंती.’

झुंबर : अहो, डोकं फिरलंय का? पेठ, त्र्यंबक, सिन्नरपासून छत्तीस नावं आलीत. उजवीकडं बसलेले अठरा जण माझ्या काचेवर दगड घालतील.

सहादू : मग आमचा घरचा सेट लावा स्पर्धेला. मी डोक्यावरून आणून देतो.

झुंबर : तेही तेच झालं! आणि समजा मला पाडायचं असतं, तरी पडत नाही ते भोक. आमचा यादव मेकॅनिक उत्सुकतेपोटी दोन दिवस बसला होता. टीव्ही बंद पडला, मिक्सर चालू झाला, पण बॅटीला भोक काही पडलं नाही.

मल्हारी : खोड कुणाला पाडता येत नाय, झुंबर. ती येती. सहादू, आता माझं ऐक. एक बैल व्हता, पाणी दिसलं का बसायचा. मालकानं भर बाजारात सांगितलं, घेणाऱ्यानं हसून घेतला. त्याचं वावर कोरडवाहू, त्याला काय फरक पडतूय? पुढं त्याच्या साडूनं वऱ्हाडासाठी बैल मागितला. ह्यानं दिला, पर खोड सांगितली नाय. दारणा नदीच्या उतारात बैल बसला. नवरा, करवली, वाजंत्री, समदे तीन तास पाण्यात. वाजंत्र्यानं तिथंच वाजवून घेतलं. मंग भांडण माझ्याकडं आलं.

सहादू : तुम्ही काय निवाडा दिलात?

मल्हारी : इकणाऱ्यानं खोड सांगितली, त्याचं काम संपलं. दावं हातात घेतलं, का खोड बैलाची ऱ्हात नाय. घेणाऱ्याची व्हती. पुढं त्या बैलामागं जो चालंल त्याला सांगणं हे घेणाऱ्याचं काम. तुला झुंबरनं सांगितलं. तू कुणाला सांगितलं?

सहादू : कुणाला नाही.

मल्हारी : आठ महिने?

सहादू : पहिल्या दिवशी सांगणार होतो. ती हसत होती, मग राहिलं. नंतर रोज थोडं जास्त अवघड झालं.

मल्हारी : मंग निवाडा झाला. घरी जा आन् सांग.

सहादू : आबा, हे सोडून काहीही सांगा. ती मला माफ करणार नाही. आठ महिने तिला मी खेळवत होतो असं होतं ना ते.

झुंबर : घरी जायची गरज नाही. वहिनीच येतायत. या वहिनी, या.

लंका : झुंबरभाऊ, एवढंच विचारायला आले, तुमच्या सेटची वायर केवढी आहे? मला जरा लांब बसायची सवय आहे. अहो? तुम्ही इथं? कचेरी सुटली का?

सहादू : नाही. म्हणजे, अर्ज द्यायला आलो होतो.

लंका : कसला अर्ज? बघू. ‘निर्दोष असल्याबाबत.’ ‘भोक पाडून मिळावे.’ हे काय आहे?

मल्हारी : सूनबाई, बस. सहादू तुला काहीतरी सांगतोय.

सहादू : लंका, आपल्या गेमला खोड आहे. दहानंतर उजवी बॅट चेंडू अडवतच नाही. तिकडं बसणारा हरतोच. कुणीही बसलं तरी.

लंका : कुणी सांगितलं तुम्हाला?

सहादू : झुंबरनं. घेताना.

लंका : घेताना. म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सहादू : होय.

लंका : आणि मी सगळ्यांना मनगटाचं शिकवत होते, तेव्हा तुम्ही शेजारी बसून मान हलवत होता.

सहादू : तू छान शिकवतेस.

लंका : बोलू नका. झुंबरभाऊ, हा सेट चालू करा. ह्याला खोड नाही ना?

झुंबर : नाही वहिनी. अर्जच आहे तसा.

लंका : मग लावा. अहो, बसा उजवीकडं. तो चष्मा काढून ठेवा आधी.

(खेळ सुरू होतो. टीव्हीतून चेंडूचा टक-टक आवाज येत राहतो.)

झुंबर : चार–दोन. सात–तीन. पगारेसाहेब, हे काय चाललंय?

मल्हारी : कोण पुढं हाय?

झुंबर : पगारे! आबा, हा माणूस बॅटीच्या मधल्या भागानं चेंडू घेतच नाहीये. नुसत्या काठानं मारतोय. वर काठ, खाली काठ. चेंडू कुठल्या कुठं वाकडा जातोय.

सहादू : सवय लागलीय. दहानंतर मधे भोक असतं ना, मग काठ तेवढे उरतात. कधी कधी काठानं बारापर्यंत पोचायचो मी.

झुंबर : चौदा–चार. पंधरा–चार! खलास. अहो, छत्तीस जणांत तुमच्यासमोर कुणी टिकायचं नाही.

मल्हारी : खोडीच्या बैलामागं चाललेला गडी. त्याला समदी वाट सोपी.

लंका : आबा, जरा थांबा. अहो, इकडं बघा.

सहादू : लंका, मला जिंकायचं नव्हतं. हात आपोआप गेला.

लंका : आठ महिने तुम्हाला एवढं चांगलं खेळता येत होतं?

सहादू : हळूहळू येत गेलं.

लंका : आणि मी तुम्हाला सगळ्या कॉलनीत आंधळं म्हणून सांगत फिरले. फुलाबाईंना म्हटलं, रस्ता ओलांडताना मी ह्यांचा हात धरते.

सहादू : धरतेस, ते मला आवडतं.

लंका : मला लाज वाटतेय हो. आणि तुमचा रागही आलाय. जिंकवलंत म्हणून नाही. मला खरं सोसणार नाही असं तुम्ही परस्पर ठरवलंत, म्हणून. सात वेळा उत्तेजनार्थ मिळालं, मेले का मी?

सहादू : नाही.

लंका : मी प्रमाणपत्रं का पुसते, कधी विचारलंत? धूळ बसते म्हणून पुसते.

सहादू : चुकलं माझं. मला वाटलं...

लंका : वाटू दे. कॉलनीतल्या प्रत्येक घरी जाऊन मी सांगणार आहे. तुम्ही बरोबर यायचं. हेडमास्तरांना तुम्ही सांगायचं, ते बिचारे हरल्यापासून आपल्या दारावरून जात नाहीत.

सहादू : येतो.

झुंबर : वहिनी, मग रविवारचं तुमचं नाव खोडू का? कुणाला काही सांगणार नाही मी.

लंका : नाव राहू द्या. त्याच्याखाली ह्यांचं लिहा.

झुंबर : पण पहिल्याच फेरीत गेलात तर? बहीण येतेय सिन्नरहून, हार शिवलाय—

लंका : हार ह्यांना घालतील. अहो, एक विचारते, खरं सांगायचं. आत्ता माझे चार गुण झाले. त्यातले तुम्ही सोडलेले किती?

सहादू : लंका, जाऊ दे ना.

लंका : किती?

सहादू : दोन.

लंका : म्हणजे दोन माझे.

सहादू : ते दोन मला खरंच घेता आले नाहीत.

लंका : झुंबरभाऊ, परत लावा.