ओपाचे दात

मी फक्त दात बघितले हो! आता तेवढ्यावरून अख्ख्या गावानं माझ्याशी बोलणं टाकावं म्हणजे... तुम्हीच सांगा, दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या कारूच्या माळावर मेंढीमागं धावणारा माणूस दगडातल्या कवटीला ठेचकाळतो, तिथल्या संग्रहालयात हाडं साफ करणाऱ्यानं दात नाही बघायचे तर काय बघायचं?

झालं काय, ड्रिकामावशी कवटी घेऊन आली. शेतावर सापडलेली. नवरा गेल्यापासून ही कवटी तिच्या स्वयंपाकघरात, रोज तिच्याशी गप्पा, नाव ओपा, म्हणजे आजोबा! चर्चच्या जत्रेत मांडायची होती. म्हणे, "डाविड, चिठ्ठी लिही बाबा, आपला पूर्वज." आता आमच्या मातीत पालीसारखे दिसणारे पण आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, कुळातले प्राणी मिळतात, नाही असं नाही. पण त्यांची ओळख असते ना! डोळ्यामागं एकच भोक, आणि दात वेगवेगळे... पुढचे कुरतडायचे, बाजूला सुळा, मागचे चावायचे. मी दगड खरवडला, तर ओपाचे सगळे दात एकसारखे, करवतीसारखे, आणि भोकं दोन! म्हटलं, मावशी, हा आपल्यातला नाही, हा पाली-मगरींकडचा.

मी फक्त दात बघितले हो!

मावशीनं ओपाला जवळ ओढलं. मग हळूच म्हणते, "वर्णभेदाच्या काळात, कोण गोरं कोण काळं ठरवायला, सरकारी साहेबानं आम्हा भावंडांच्या केसांत पेन्सिल खोचली होती. आमची पडली, धाकट्याची अडकली. म्हणाला, हा यांच्यातला नाही. नेला त्याला दुसऱ्या वस्तीत. तू दात बघतोस."

अहो, मेल्याहून मेल्यासारखं झालं! ते वेगळं, हे वेगळं, कळतं मलाही, तेच सांगायला गेलो, मावशी, मी फक्त दात...

वर म्हणते, "तोंड उघड." आता आमच्याकडे पोरं वयात आली की वरचे पुढचे दात हौसेनं काढून घेतात, मीही घेतले, काय रुबाब वाटला होता तेव्हा! मावशी वाकून बघते. "पुढं काहीच नाही, बाजूला दोन सुळे. तुझी चिठ्ठी कोण लिहिणार?" आणि खरं सांगतो, तसलंच दगड झालेलं एक जनावर आमच्या संग्रहालयाच्या कपाटात आहे, हुबेहूब!

तेव्हा जत्रेचं ठरलंय असं. चिठ्ठीवर 'पाली-मगरींकडचा' हेच राहणार, खोटं मी लिहायचो नाही. पण ओपा बसणार मावशीच्या घरच्यांत, त्यांच्याच टेबलावर... आणि शेजारी, लोकांना बघायला, तोंड उघडून मी.