रासबेरीचा खोडवा

(मलकापूरच्या वरच्या अंगाचं रासबेरीचं रान, सगळं जमिनीबरोबर छाटलेलं. आईच्या ऑपरेशनसाठी नेसरीला माहेरी गेलेली प्रियदर्शनी आजच परत आलीय. समोर तिचे सासरे, आण्णा.)

प्रियदर्शनी : बोला की आण्णा. कोयता कुणाच्या हातात हुता?

आण्णा : माझ्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?

प्रियदर्शनी : सगळीच्या सगळी? एक काडी बी राखली न्हाईसा?

आण्णा : राखायची कशाला? ऊस गेला की बुडखं जमिनीबरोबर छाटायचं, मग खोडवा कसा जोमानं फुटतो. जन्म गेला माझा त्यात. तुझं हे झुडूप काय सर्गातनं आलंय?

प्रियदर्शनी : हा ऊस न्हाय, आण्णा. रासबेरी हाय. हिच्या काडीला पहिल्या वर्षी नुसता पाला येतो, फळ दुसऱ्या वर्षी. फळ देऊन वाळलेली तेवढी काढायची आणि हिरवी ठेवायची. ह्या पावसाळ्यात फुटलेल्या हिरव्या काड्यांवर उन्हाळ्यात फळ धरणार हुतं. ते सगळं तोडून बांधावर टाकलासा. हात लावून बघा, कालच तोडलेल्या, अजून ओल्या हायेत.

आण्णा : फुटंल की परत.

प्रियदर्शनी : फुटंल. आणि फळ त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. तोवर हे रान माझ्याकडं ऱ्हाणार हाय व्हय? येत्या उन्हाळ्यात भरपूर फळ दिसलं न्हाय तर ट्रॅक्टर घालून ऊस लावायचा, हे ह्यांनी, तुमच्या लेकानं, सोप्यात बसून ठरवलं, तवा मान तुमीच हलवलासा.

आण्णा : हलवली. मग?

प्रियदर्शनी : मग ऊसच लावायचा हुता तर तोंडावर सांगायचं. मी तिकडं आईच्या उशाला बसलेली, आणि हिकडं पाठीमागनं कोयता घालायचा?

आण्णा : तोंड सांभाळून बोल. पाठीमागनं वार करणारी औलाद न्हवं आमची.

प्रियदर्शनी : मग ह्याला काय म्हणू? रोपं मी आणली. डोक्यावरनं पाणी मी वाहिलं, माकडं मी हाकलली. काट्यांची शेती करतीया म्हणून बायका तोंडावर हसल्या, तेबी गिळलं. पावसानं मेलं न्हाय हे, माकडांनी खाल्लं न्हाय. घरच्या माणसानं मारलं.

आण्णा : मला ठावं न्हवतं.

प्रियदर्शनी : ठावं न्हवतं तर इचारायचं. फोन हुता की हातात.

आण्णा : इचारलं.

प्रियदर्शनी : कुणाला?

आण्णा : जाऊ दे. चूक माझी हाय. काय शिव्या द्यायच्या त्या दे, आन् घरला चल. दमून आलीयास.

प्रियदर्शनी : न्हाय यायची. हे येऊ देत आधी. त्यांच्यासमोर सांगा काय केलासा ते. गेल्या साली सगळी छाटणी त्यांनीच केली, आण्णा. काट्यांनी माझं हात फाटलं हुतं, मी नुसतं सांगत हुते, ही ठेवा, ही काढा. डोळं झाकून कळतं त्यांना. नेमकं काल कोल्हापूरला गेलतं, मला फोनवर म्हणालं. हितं असतं तर तुमचा हात धरला असता त्यांनी.

आण्णा : गेल्या साली राजवर्धननं छाटली?

प्रियदर्शनी : व्हय, सगळी. तुमी डोळ्याचं ऑपरेशन करून मोनाआत्यांकडं ऱ्हायलावता तवा.

आण्णा : म्हंजे कुठली ठेवायची, हे त्याला ठावं हुतं.

प्रियदर्शनी : मग काय सांगतीया मी? का?

आण्णा : काय न्हाय.

प्रियदर्शनी : आण्णा, तुमी कुणाला इचारलासा?

आण्णा : त्यो कोल्हापूरला गेला न्हवता, पोरी.

प्रियदर्शनी : मग कुठं हुतं?

आण्णा : हितंच. ह्या बांधावर उभा. तूच छाटायला सांगितलंयस म्हणाला. हिरवी काडी हातात आली तवा मी थांबलो एकदा. म्हटलं, राजवर्धन, ही जित्ती दिसतीया रं, ऱ्हाऊ दे का?

प्रियदर्शनी : मग?

आण्णा : म्हणाला, आण्णा, आजून खालनं घ्या.